दोघांचा पोकर आणि तिसऱ्याचा गल्ला : 'हेड्स-अप सिट अँड गो' समजून घेताना

भिवंडीहून एका वाचकांचा फोन आला होता. आवाज दबका, बहुधा घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मुलगा बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, नोकरी शोधतोय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पत्ते खेळतो, फजरला उठत नाही. वडील काही बोलले तर म्हणतो, "अब्बा, ही तीन पत्ती नाही. इथे दोघेच बसतात. दोघांनी सारखेच पैसे भरायचे, दोघांना सारख्याच चिप्स. ज्याचे डोके चालते तो जिंकतो. बुद्धिबळासारखेच आहे. कंपनी नुसती पंच."

वडिलांचा प्रश्न साधा होता. "तो म्हणतो त्यात काही तथ्य आहे का? मला त्यातले ओ की ठो कळत नाही. म्हणून माझे तोंड बंद होते."

खरे सांगायचे तर आम्हालाही फारसे कळत नव्हते. मग आम्ही शिकायचे ठरवले. पैसे लावले नाहीत. बाजारातून पत्त्यांचा कॅट आणला, चिप्स म्हणून चिंचोके घेतले आणि कागद-पेन घेऊन बसलो. 'हराम आहे, सोडून दे' एवढे एक वाक्य बोलून तरुण मुलगा थांबत नाही, हे आपण सगळेच जाणतो. तो ज्या भाषेत युक्तिवाद करतो त्याच भाषेत, म्हणजे खेळाच्या आणि हिशेबाच्या भाषेत, त्याच्याशी बोलता आले पाहिजे. म्हणून हा लेख.

खेळ चालतो कसा?

पोकरचे प्रकार पुष्कळ. मोबाइलवर सर्वांत जास्त चालतो तो 'टेक्सस होल्डेम'. कॅट नेहमीचाच, ५२ पत्त्यांचा. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते त्याचे त्यालाच दिसतात. मग मधोमध पाच पत्ते उघडे मांडले जातात. आधी तीन एकदम, त्यांना फ्लॉप म्हणतात. नंतर एक, तो टर्न. शेवटचा एक, तो रिव्हर. आपले दोन आणि मधले पाच अशा सात पत्त्यांतून ज्याचे पाच पत्ते सरस ठरतात, त्याचा डाव.

पैसे लावण्याच्या फेऱ्या चार : मधले पत्ते उघडण्याआधी एक, आणि फ्लॉप, टर्न, रिव्हर यांच्यानंतर एकेक. दर वेळी तुम्ही पत्ते टाकून देऊ शकता, समोरच्याइतके लावू शकता किंवा त्याहून वाढवू शकता. समोरच्याने घाबरून पत्ते टाकले तर तुमचे पत्ते न दाखवताच डाव तुमचा. हाच तो ब्लफ. तीन पत्ती माहीत असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. एक फरक मात्र आहे : तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा.

आता नावाकडे येऊ. 'हेड्स-अप' म्हणजे समोरासमोर दोघेच. 'सिट अँड गो' म्हणजे खेळाची ठरलेली वेळ नाही, दोन्ही जागा भरल्या की लगेच सुरू. दोघांनी सारखी प्रवेश फी भरायची, दोघांना सारख्या चिप्स, समजा १५००-१५००. या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. मध्येच उठून त्या वटवता येत नाहीत. एकाच्या चिप्स पूर्ण संपेपर्यंत खेळायचे. जिंकणाऱ्याला बक्षिसाची सगळी रक्कम, हरणाऱ्याला शून्य.

तीन पत्तीत जसा बूट लावतात तसे इथे ब्लाइंड असतात. पत्ते बघण्याआधीच एकाने छोटा ब्लाइंड लावायचा, दुसऱ्याने मोठा. सुरुवातीला समजा १० आणि २० चिप्स. पण ही रक्कम दर काही मिनिटांनी वाढत जाते. त्यामुळे खेळ लांबत नाही. साधारण दहा मिनिटांत, कधी त्याहूनही आधी, निकाल लागतो. 'टर्बो' आणि 'हायपर' नावाचे प्रकार आणखी वेगवान.

नवशिक्याला काय शिकवतात?

या खेळाची शिकवणी देणारे व्हिडिओ आणि पुस्तके भरपूर आहेत. त्यांचे सार चार धड्यांत येते.

पहिला धडा : चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसू नका. नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंड नऊ डावांत दोनदाच भरावे लागतात, त्यामुळे थांबणे परवडते. दोघांच्या खेळात प्रत्येक डावाला तुम्हाला छोटा किंवा मोठा ब्लाइंड भरावाच लागतो. आणि चांगले पत्ते येतात कुठे? हातात जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा. दोन एक्के येण्याची २२१ डावांत एकदा. म्हणजे हलक्या पत्त्यांवरही खेळावेच लागते.

दुसरा धडा : शेवटी बोलणाऱ्याचा फायदा. दोघांच्या खेळात डीलरचे बटण ज्याच्यापुढे असते तो छोटा ब्लाइंड भरतो. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो, पण त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत शेवटी. समोरच्याने काय केले ते बघून ठरवता येते, म्हणून बटण हातात असताना जास्त डाव खेळायचे.

तिसरा धडा : ब्लाइंड चढले की गणित बदलते. सुरुवातीला १५०० चिप्स म्हणजे ७५ मोठे ब्लाइंड. विचार करायला, ब्लफ करायला, माघार घ्यायला जागा असते. ब्लाइंड १००-२०० वर गेले की दोघांच्या मिळून ३००० चिप्स म्हणजे फक्त १५ मोठे ब्लाइंड उरतात. मग दोनच मार्ग : पत्ते टाका, नाहीतर सगळ्या चिप्स पुढे ढकला. याला 'ऑल-इन' म्हणतात.

चौथा धडा : निदान पन्नास-शंभर प्रवेशांइतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय बसू नका, आणि ती रक्कम गेली तरी घरावर परिणाम होणार नाही अशीच असू द्या. हा धडा खेळ शिकवणारेच देतात, हे लक्षात ठेवा. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुलांकडे अशी 'गेली तरी चालेल' अशी रक्कम असते?

मुलाच्या म्हणण्यात खरे किती?

डोके लागते, हे खरे आहे. ते नाकारून चालणार नाही, कारण नाकारले की मुलगा पुढचे ऐकतच नाही. सराईत माणूस नवशिक्याला दीर्घकाळात हरवतो.

पण तिसरा धडा पुन्हा वाचा. ब्लाइंड वाढतात तशी विचाराची जागा कमी होत जाते आणि ऑल-इनची पाळी येते. पत्ते एकदा उघडे पडले की डोक्याचे काम संपते. दोन एक्के विरुद्ध वेगवेगळ्या रंगांचे सत्ती-दुरी, म्हणजे सर्वांत चांगले विरुद्ध जवळपास सर्वांत वाईट पत्ते, अशी गाठ पडली तरी एक्के शंभरात साधारण ८८ वेळाच जिंकतात. दोन राण्या विरुद्ध एक्का-राजा असेल तर ५७ विरुद्ध ४३, म्हणजे जवळजवळ छापा-काटा. ब्लाइंड किती मिनिटांनी वाढवायचे हे खेळाडू ठरवत नाहीत, कंपनी ठरवते. खेळ जितका वेगवान, तितका त्यात नशिबाचा वाटा जास्त आणि तितकीच कंपनीची कमाई जास्त.

बुद्धिबळात तुमच्या मोहऱ्या कुणी पिसत नाही. तिथे ग्रँडमास्टर आपल्याशी शंभर डाव खेळला तर शंभर जिंकेल. इथे सराईत माणूस नवशिक्याकडून शंभरातले चाळीस-पंचेचाळीस डाव हरू शकतो. 'बुद्धिबळासारखे' हे वाक्य इथेच तुटते.

कंपनी पंच नाही, तिसरा भिडू आहे

आता हिशेब. समजा प्रवेश १०५ रुपये. त्यातले १०० बक्षिसात जातात, ५ कंपनीचे शुल्क. शुल्क कंपनीगणिक वेगळे असते. लहान रकमेच्या खेळात त्याची टक्केवारी सहसा जास्त, मोठ्या रकमेच्या खेळात कमी. आपण ५ टक्केच धरू. दोघांचे मिळून २१० रुपये जमा होतात, जिंकणाऱ्याला २०० मिळतात.

म्हणजे जिंकलात तर ९५ रुपयांचा फायदा, हरलात तर १०५ चा तोटा. नुसते बरोबरीत राहायचे तरी शंभरातले साडेबावन्न डाव जिंकावे लागतात. शुल्क १० टक्के असेल तर पंचावन्न. पन्नास डाव जिंकणारा, म्हणजे समोरच्याच्या तोडीस तोड खेळणारा, शंभर डावांत ५०० रुपये घालवून उठतो.

हे नीट दिसावे म्हणून दोन दोस्तांची कल्पना करा. दोघेही सारखेच हुशार. प्रत्येकाने ५००० रुपये घेतले आणि दोघे फक्त एकमेकांशीच खेळत राहिले. आज हा जिंकतो, उद्या तो. एकाचे संपले तर दुसरा उसने देतो. प्रत्येक डावाला १० रुपये कंपनीकडे जातात. हजार डाव झाले की दोघांचे मिळून दहा हजार रुपये संपलेले असतात. एक डाव दहा मिनिटांचा धरला आणि रोज तीन तास खेळले, तर याला दोन महिनेही लागत नाहीत. दोघांपैकी कुणी वाईट खेळले नाही, कुणी फसवले नाही, कुणाचे नशीब फुटले नाही. तरीही दोघांचे खिसे रिकामे आणि सगळे पैसे तिसऱ्याच्या गल्ल्यात.

पंच सामन्याचे मानधन घेतो. खेळाडूंच्या खिशातून प्रत्येक चेंडूला पैसे काढून घेत नाही. म्हणून या खेळात कंपनीला पंच म्हणता येणार नाही. टेबलावर न बसणारा आणि कधीच न हरणारा असा हा तिसरा भिडू आहे.

"पण मी समोरच्यापेक्षा चांगला खेळतो," असे मुलगा म्हणेल. ठीक आहे, तेही धरू. तो शंभरातले ५४ डाव जिंकतो असे समजा. ५४ गुणिले २०० म्हणजे १०,८०० रुपये मिळाले. भरले १०५ गुणिले १००, म्हणजे १०,५००. शंभर डावांत ३०० रुपये सुटले, डावाला तीन रुपये. तासाला सहा डाव धरले तर कमाई तासाला अठरा रुपये. रोजंदारीवर जाणारा माणूसही याच्या कितीतरी पट मिळवतो, आणि त्याची मजुरी नशिबावर नसते. "मग मोठ्या रकमेचे डाव खेळेन," हे पुढचे उत्तर ठरलेले. पण रक्कम वाढली की समोर बसणाराही जास्त तयारीचा असतो, आणि मग ५४ चे ५० आणि ५० चे ४७ कधी होतात ते कळत नाही.

नशीब खोटे प्रमाणपत्र देते

आम्हाला सर्वांत धोक्याची वाटलेली गोष्ट ही आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

एखादा मुलगा बरोबर पन्नास टक्केच जिंकण्याच्या लायकीचा आहे, म्हणजे शुल्क धरून तो हरणारा खेळाडू आहे. त्याने शंभर डाव खेळले. शंभर डावांअखेर तो फायद्यात असण्याची शक्यता किती? साधे संभाव्यतेचे गणित सांगते : साधारण ३१ टक्के. म्हणजे अशा दहा मुलांपैकी तिघे महिन्याभराने नफा मोजत बसलेले असतात. ते मित्रांना स्क्रीनशॉट पाठवतात. "बघ, मला जमते." ते खोटे बोलत नसतात, त्यांना खरेच तसे वाटते. बाकीचे सात जण गप्प बसतात. हरलेल्याचे स्क्रीनशॉट कुणी व्हॉट्सअॅपवर टाकत नाही. मोहल्ल्यात बातमी पसरते ती त्या तिघांची.

त्याच मुलाने हजार डाव खेळले तर फायद्यात राहण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास येते. पण तोवर पहिल्या शंभर डावांची गोडी लागलेली असते. तोटा होऊ लागला की तो म्हणतो, सध्या नशीब साथ देत नाही, नाहीतर मी चांगलाच खेळतो. जिंकले तर डोके, हरले तर नशीब. अशा हिशेबात माणूस स्वतःला कधीच चुकीचा ठरवत नाही.

उलटेही होते. वर सांगितलेला ५४ टक्क्यांचा चांगला खेळाडूसुद्धा शंभर डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता ३८ टक्के आहे. म्हणजे शंभर डाव खेळूनही आपण चांगले की वाईट ते कळत नाही. जो खेळ तुमची लायकी तुम्हालाच इतके दिवस कळू देत नाही, त्यात 'मला जमते' या भावनेवर कसा विश्वास ठेवायचा?

यातच हरलेले परत मिळवण्याची घाई येते. बरोबरीच्या खेळातही शंभर डावांत कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता साधारण ८० टक्के असते. ते अपवाद नाहीत, येणारच आहेत. नेमके त्या रात्री मुलगा १०५ चा डाव सोडून ५२५ च्या डावाला बसतो. नंतर १०५० च्या. हरलेले परत मिळवण्यासाठी पुढचा डाव मोठा लावण्याची ही खोड जुनी आहे. महाभारतातले द्यूत आपल्या शेजाऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते ते यासाठीच. फरक इतकाच की तेव्हा सभा भरवावी लागे, आज पांघरुणात मोबाइल पुरतो.

समोर कोण बसले आहे?

पोकरची ऑनलाइन लाट आली ती २००३ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतला क्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. ही कथा जगभर विकली गेली : तुमच्या-आमच्यासारखा माणूस, एक कॉम्प्युटर आणि रात्रीत करोडपती. ती खरी आहे. पण ती एकाची कथा आहे.

त्यानंतर वीस वर्षांत एक मोठा बदल झाला. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सेफियस' नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. दोघांचा, ठरलेल्या मर्यादेत पैसे लावण्याचा पोकर त्याने जवळजवळ पूर्ण सोडवला होता. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या प्रोग्रॅमने पिट्सबर्गमध्ये चार नामांकित व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवसांत, १ लाख २० हजार डावांत हरवले. तोही दोघांचाच पोकर होता, आणि तिथे पैसे लावायला मर्यादाही नव्हती.

म्हणजे यंत्राने माणसाला सर्वांत आधी हरवले ते नेमके या समोरासमोरच्या पोकरमध्ये. मोबाइलच्या पडद्यावर समोर फक्त एक टोपणनाव आणि एक चित्र असते. त्यामागे तुमच्यासारखाच मुलगा आहे, रोज दहा तास खेळणारा व्यावसायिक आहे, पलीकडे गणित मांडणारे सॉफ्टवेअर उघडून बसलेला कुणी आहे की नुसता प्रोग्रॅम आहे, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. कंपन्या असे प्रोग्रॅम पकडतात, खाती बंदही करतात. पण पकडला जाण्याआधी तो कुणाशी खेळला, त्या यादीत आपले नाव असू शकते. चांगले खेळाडू तर कच्च्या खेळाडूची वाटच बघत असतात. दोघांच्या खेळात नवशिक्याला लपायला जागा नसते.

कायदा आणि पैशांची सुरक्षितता

पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्या देशात बरीच वर्षे वाद चालला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला, इतरत्र वेगळी मतेही आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. या कायद्याने वादाचा मुद्दाच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, पण कायदा होताच देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले.

म्हणून आज कुणी 'हे अॅप अजून चालते' असे सांगत लिंक पाठवत असेल, तर ते बहुधा परदेशातून चालवले जाणारे आहे. तिथे अडकलेल्या पैशांसाठी आपल्याकडच्या कुठल्या दारात जाणार?

यासाठी एक उदाहरण पुरे. 'फुल टिल्ट' ही एकेकाळी जगातली फार मोठी पोकर साइट होती. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने तिच्यासह तीन कंपन्यांवर कारवाई केली. नंतर सरकारी वकिलांनी कोर्टात मांडले की कंपनी खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत होते फक्त सहा कोटींच्या आसपास. खेळाडूंना पडद्यावर आपली शिल्लक दिसत होती. त्या आकड्यामागे पैसे नव्हते. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडले. इतक्या मोठ्या नावाजलेल्या साइटचे हे झाले, तर टेलिग्रामवरून आलेल्या लिंकचे काय?

दीन काय सांगतो?

आम्ही मुफ्ती नाही. कोणता खेळ जायज, कोणता नाही, याचे बारकावे आपापल्या आलिमांना विचारावेत. पण दोन गोष्टी स्पष्ट आहेत.

कुरआनमध्ये जुगारासाठी 'मैसिर' हा शब्द येतो. त्याचा संबंध 'युस्र' म्हणजे सहजता या शब्दाशी जोडला जातो, सहज हाती आलेला पैसा. जाहिलियतच्या काळात अरब लोक बाण काढून, कापलेल्या उंटाच्या मांसाचे वाटे जिंकत-हरत. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगार यांत लोकांसाठी काही फायदेही आहेत हे मान्य केले आहे, पण त्यांचे नुकसान फायद्यापेक्षा मोठे असल्याचे सांगितले आहे. पोकरमध्ये काहीच नाही, असे मुलाला सांगण्याची गरज नाही. मजा आहे, बुद्धीला चालना आहे, कधी पैसेही मिळतात. प्रश्न वजनाचा आहे, कोणते पारडे जड याचा.

सूरह अल-माइदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत मनाई येते आणि तिची कारणेही येतात : आपसांत वैर आणि द्वेष पेरला जातो, अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून माणूस अडवला जातो. या कारणांकडे नीट बघा. खेळात डोके किती आणि नशीब किती, हा प्रश्नच त्यात नाही. म्हणून 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे उत्तर तिथे लागू पडत नाही. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असणे, आणि रात्र संपून फजर निघून जाणे, या दोन्ही गोष्टी चांगल्या खेळाडूच्या बाबतीतही तितक्याच खऱ्या. व्यापारात विकणारा आणि घेणारा दोघेही काही मिळवून उठतात. या टेबलावरून एक जण काही मिळवून उठतो, दुसरा गमावून, आणि तिसरा दोघांकडून घेऊन.

घरात काय करावे?

ओरडण्याआधी हिशेब मागा. मोबाइलमधले यूपीआयचे आणि बँकेचे गेल्या तीन महिन्यांचे स्टेटमेंट काढायला सांगा. किती भरले आणि किती परत आले, हे दोनच आकडे. आठवणीतला हिशेब नको, आठवण जिंकलेले डाव जास्त जपते.

कर्ज आहे का ते शांतपणे विचारा. मित्रांचे, बहिणीच्या गुल्लकमधले, लोन अॅपचे. मुलगा घाबरला तर आकडा लपवेल, आणि लपवलेला आकडा भरून काढायला पुन्हा टेबलावर बसेल. कर्ज फेडायला मदत करायची असेल तर रोख पैसे हातात न देता ज्याचे देणे त्याला थेट द्या.

अॅप काढून टाका, खाते बंद करा, पैसे भरण्याची मर्यादा बँकेतून कमी करून घ्या. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. रिकामे तास भरायला दुसरे काही लागेलच : काम, कोर्स, मैदान. नुसते काढून घेतले तर जागा रिकामी राहते.

थांबावेसे वाटूनही थांबता येत नसेल तर तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराची नोंद आहे. त्याला शरमेचा विषय करू नका. सरकारच्या 'टेली-मानस' या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, तिथे मराठीतही बोलता येते. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच तक्रार करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

भिवंडीच्या त्या वडिलांना आम्ही दोन दोस्तांचा हिशेब एका कागदावर लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवला. सोबत एवढेच लिहिले : मुलाला भाषण देऊ नका. हा कागद त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, बेटा, तू कॉमर्स शिकला आहेस, यात चूक असेल तर मला दाखव.

दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला. मुलाने कागद दोनदा वाचला. चूक सापडली नाही. आता तो स्वतःच्या स्टेटमेंटची बेरीज करत बसला आहे.